नावाड्याला कंठ फुटतो

स्टुडिओत शिरण्याआधी ती जिन्यात उभी राहून एक केळं खायची. माइक मोठा चहाडखोर असतो; पोटात कावळे ओरडायला लागले तर तेही त्याला ऐकू जातात. मग ती सळसळणारा कोट बाहेर खुंटीला लावायची, घड्याळ काढून पिशवीत टाकायची, मऊ तळव्यांचे कापडी बूट चढवायची आणि काचेपलीकडच्या त्या एवढ्याशा खोलीत जाऊन उभी राहायची. कानांवर हेडफोन आले, समोर पडद्यावर चित्र हललं, की पन्नाशी केव्हाच ओलांडलेली ही बाई अकरा वर्षांचा मुलगा व्हायची.

मुलगा जपानी होता. आकाशातून वाहणाऱ्या नदीवर होडी चालवायचा. तिकडे तरुण पोरांसाठी खिशात मावतील अशी छोटी पुस्तकं निघतात, एका बैठकीत संपणारी, मधेमधे चित्रं असलेली. त्यांना लाइट नॉव्हेल म्हणतात. तशाच एका लांबलचक मालिकेतला हा पोरगा. आपल्यासारख्याच साध्या जगात तो एका पुलावरून पाण्यात पडतो आणि डोळे उघडतो ते दुसऱ्याच जगात. तिथे नद्या जमिनीवरून वाहत नाहीत, डोक्यावरून वाहतात. तिथले लोक त्याच्या हातात वल्हं देतात आणि सांगतात, प्रवाशांना पार उतरवत राहा, एक दिवस तुला तुझ्या घरची वाट सापडेल. सोबतीला एक बोलका पाणकावळा. उद्धट, खादाड, पण वेळ आली की जीव ओवाळून टाकणारा.

पुस्तकं खपली, त्यांवर ॲनिमेशनची मालिका निघाली, मालिका देशोदेशी गेली आणि जिथे गेली तिथल्या भाषेत बोलू लागली. इथे तो मुलगा तिच्या तोंडून बोलायचा. खराच लहान मुलगा घेतला तर दोन वर्षांत त्याचा आवाज फुटतो आणि सगळं मुसळ केरात, म्हणून अशा पोरांचे आवाज बहुधा बायकाच देतात.

मधे एकदा त्याच गोष्टीवर खऱ्या माणसांचा सिनेमाही आला होता. त्यात नावाडी झालेला नट म्हणजे चांगला दांडगा गडी, आणि पाणकावळा म्हणजे संगणकातून काढलेली भिजकी उशी. पण वितरकांनी हट्ट धरला, प्रेक्षकांना सवयीचाच आवाज हवा. तेव्हा त्या दांडग्याच्या तोंडी हिचा कोवळा आवाज बसवला. लोक हसून हसून बेजार झाले. सिनेमाने आठवडाभरात गाशा गुंडाळला. ती मात्र शेवटच्या रांगेत बसून तो दोनदा पाहून आली. एवढ्या मोठ्या पडद्यावर तिचा आवाज पुन्हा कोण ऐकवणार होतं?

या धंद्यात माणसं एकमेकांना भेटत नाहीत. ज्याचा त्याचा आवाज वेगळा घेतात आणि नंतर एकत्र जुळवतात. पाणकावळ्याचा आवाज देणारा नट दुपारी यायचा आणि ती सकाळी. पडद्यावर ती दोघं वर्षानुवर्षं भांडत होती, एकमेकांना वाचवत होती, एकमेकांसाठी रडत होती. प्रत्यक्षात तीनचार वेळा भेटली असतील, तीही जिन्यात.

"काय नावाडी?"

"काय पाणकावळे?"

की झालं, तो वर आणि ती खाली.

घर म्हणजे दोन खोल्या. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं विचारणारी माणसंही आता एकेक करून गेली होती. संध्याकाळी ती ब्रेड भाजायची, अंडं उकडायची, रेडिओ लावायची आणि गप्प बसायची. घशाचे डॉक्टर दर तपासणीला तिची पाठ थोपटायचे. "आवाजाला विश्रांती द्या म्हटलं की सगळे मान डोलावतात, पण पाळत कोणी नाही. तुम्ही मात्र पथ्य कडक पाळता हं." ती हसून मान डोलवायची. घरात बोलायला दुसरं माणूसच नसलं की पथ्य आपोआप पाळलं जातं, हे डॉक्टरांना कशाला सांगायचं?

नावाड्याचा तो आवाज तिने हवेतून पैदा केलेला नव्हता. तो भुंग्याचा होता.

भुंग्या म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहिणीचा नवरा एके दिवशी घर सोडून गेला तो गेलाच. बहिणीला दूरच्या शहरात नर्सिंगच्या प्रशिक्षणाला जागा मिळाली, राहायला वसतिगृह मिळालं, पण तिथे मूल ठेवता येत नव्हतं. "काही महिन्यांचाच प्रश्न आहे, ताई," असं म्हणून तिने सात वर्षांच्या पोराला थोरलीच्या दारात उभं केलं. त्याच्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात स्वतःची उशी. त्या काही महिन्यांची पाच वर्षं झाली.

पोरगा सारखा गुणगुणायचा. जेवताना, बूट घालताना, गणितं सोडवताना, अगदी रुसून कोपऱ्यात बसला तरी त्याचं घूं घूं चालूच. म्हणून भुंग्या. "र" त्याला उशिरा आला. बरेच दिवस घराला "घल" आणि रस्त्याला "लस्ता" म्हणत होता. आणि खोटं बोलायचं झालं की आधी नाकाने बारीक श्वास ओढायचा आणि "म्हणजे ना" असं सुरू करायचा. म्हणजे ना, बाटली आपोआप पडली. म्हणजे ना, बाईंनी आज गृहपाठ दिलाच नाही. मावशी त्या श्वासावरच ओळखायची, पण ओळखलं असं दाखवायची नाही. तेव्हा ती जाहिरातींना आवाज द्यायची, साबण आणि खोकल्याचं औषध वगैरे. भुंग्या शाळेतून थेट स्टुडिओत यायचा आणि काचेबाहेर बसून चित्रं काढायचा. ती आतून खोकून दाखवायची आणि तो बाहेर खो खो हसायचा. काचेमुळे त्याचं हसणं तिला ऐकू यायचं नाही, नुसतं दिसायचं.

मग बहिणीचं प्रशिक्षण संपलं, पक्की नोकरी लागली, भला नवरा मिळाला. ती मुलाला न्यायला आली. तिचं काही चुकलं होतं असं कोणाला म्हणता आलं नसतं. आई ती आई. पण नेल्यावर पंधरा दिवसांनी ती एकटीच परत आली आणि दारातच उभी राहिली.

"ताई, रागावणार नसलीस तर सांगते. थोडे दिवस फोन करू नकोस. तुझा फोन आला की तो रडतो आणि मग दिवसभर माझ्याकडे ढुंकून बघत नाही. त्याला रुळू दे जरा."

"बरं," ताई म्हणाली.

थोडे दिवस म्हणजे किती, हे दोघींनीही ठरवलं नाही. आधी करू नको म्हटलं म्हणून तिने फोन केला नाही. मग इतके दिवस केला नाही, आता कोणत्या तोंडाने करू, म्हणून केला नाही. बहिणीशी बोलणं व्हायचं, त्याची खुशाली कळायची, पण "त्याला दे जरा" हे तीन शब्द जिभेवर येऊन तिथेच बसायचे. पुढे कुटुंबातल्या एका लग्नात आणि दोघी बहिणींच्या आईच्या अंत्यविधीला तो दिसला. उंच झालेला, खांदे जरा झुकलेले. जवळ येऊन म्हणाला, "कशा आहात?"

मावशीला कोणी अहोजाहो करतं का? ज्याचं नाक पुसलं, ज्याला पाठीवर घेऊन जिने चढले, तो "आहात" म्हणतोय. ती म्हणाली, "मी बरी आहे. तू?" तोही बरा होता. एवढंच बोलणं झालं.

जपानी मालिकेची आवाजचाचणी त्यानंतर झाली. तिने माइकसमोर तोंड उघडलं आणि नावाड्याची पहिली ओळ म्हटली: "मी भीत नाही. म्हणजे ना, पाय आपोआप थरथरतायत." आधी नाकाने बारीक श्वास. काचेपलीकडचे सगळे एकदम ताठ झाले. दिग्दर्शक म्हणाला, "हा मुलगा आणला कुठून?" ती नुसती हसली.

अशी बरीच वर्षं गेली. मग मालिकेच्या शेवटच्या पर्वाचं काम सुरू झालं आणि एका सकाळी दिग्दर्शकाने तिला बाहेरच खुर्ची दिली.

"ताई, बसा ना."

"बसा म्हणालात, म्हणजे बातमी वाईट आहे."

दिग्दर्शक तिच्याहून बराच लहान आणि मनाने चांगला होता. त्याने थर्मासमधली कॉफी तिला ओतून दिली आणि मगच विषयाला हात घातला. शेवटून दुसऱ्या पुस्तकात नावाडी मोठा होतो. म्हणजे या पर्वाच्या चौथ्या भागात तो बऱ्याच काळाने नदीवर परत येतो. पाणकावळा हरवलेला असतो. तो काठावर उभा राहून त्याला हाक मारतो आणि त्या हाकेच्या मधोमध त्याचा आवाज फुटतो. तिथून पुढे एका तरुण नटाचा आवाज लागणार होता.

"म्हणजे अर्ध्या हाकेत मी संपणार."

"संपणार कशाला? या पर्वात म्हातारी जलराणी येते की. ती तुमचीच. फक्त ही अर्धी हाक अशी हवी, की बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, अरे, हा आपल्यासमोर मोठा झाला."

तिने त्याच दिवशी प्रयत्न केला. आवाज वर नेऊन तोडला तर कोंबड्याची मान पिरगळल्यासारखं वाटलं. खाली नेऊन तोडला तर सर्दी झाल्यासारखं वाटलं. ध्वनिमुद्रक भला माणूस, पण त्यालाही हसू आवरेना. तो काचेमागे खाली वाकून वायर शोधत असल्याचं नाटक करू लागला. शेवटी दिग्दर्शक म्हणाला, "राहू दे आज. पुढच्या बुधवारी बघू."

परत येताना ती विचार करत होती. बाराव्या वर्षापर्यंतचा भुंग्या तिला पाठ होता. रडण्याआधी त्याचा गळा कसा घट्ट व्हायचा, तापात आवाज कसा तारेसारखा बारीक व्हायचा, सगळं पाठ. पण त्याला कंठ फुटला तेव्हा ती तिथे नव्हती. ते तिच्या कानांनी ऐकलंच नव्हतं, मग तोंडाने कुठून निघणार?

दुसऱ्या दिवशी ती एका शाळेजवळच्या बसथांब्यावर जाऊन उभी राहिली. सुटी झालेली मोठी पोरं आली, बाकावर बसली आणि कलकलाट करू लागली. एकाचा आवाज वाक्यागणिक घसरत होता. ती हळूच एक पाऊल पुढे सरकली, मग आणखी एक. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं, दप्तरं उचलली आणि थांब्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. मागून एकाचं कुजबुजणं तिला ऐकू आलं, "वेडी आहे वाटतं." तिचे कान तरबेज होते; तेवढं तिला न ऐकता आलं असतं तर बरं झालं असतं.

मग रविवारी दुपारी तिने भुंग्याला फोन लावला. नंबर बहिणीने केव्हाच देऊन ठेवला होता.

"हॅलो?"

जाड, जरा घोगरा आवाज आला. चुकून दुसरीकडेच लागला की काय, असं तिला क्षणभर वाटलं.

"मी मावशी बोलतेय."

पलीकडे एक बारीक यंत्र घुर्र करत होतं, ते बंद झालं. "बोला. सगळं ठीक ना? आईला काही..."

"नाही नाही, आई ठणठणीत आहे. मी सहजच केला."

इतक्या वर्षांनी केलेल्या फोनला "सहज" म्हटल्यावर पुढे काय बोलणार? नमनाला घडाभर तेल गेलं. तिकडे थंडी आहे का, आहे. रविवारीसुद्धा काम असतं का, असतं. तो दंतवैद्यांना कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवून देणाऱ्या एका लहानशा कार्यशाळेत कामाला होता आणि सुटीच्या दिवशी तिथे कोणी नसतं म्हणून त्याला तेव्हाच काम करायला आवडायचं. हे तिला आजवर नुसतं "दातांचं काहीतरी" एवढंच माहीत होतं.

"एक विचारायचं होतं," शेवटी ती म्हणाली. "हसू नकोस. तुझा आवाज फुटला, तेव्हा तो कसा फुटला?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"नावाड्यासाठी का?"

तिने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. "तू बघतोस?"

"पहिला भाग होस्टेलच्या हॉलमध्ये बघितला. सगळी मुलं होती. तो पोरगा होडीत बसून म्हणतो, मी भीत नाही, म्हणजे ना... मी उठून बाहेर गेलो."

"राग आला?"

"आधी लाज वाटली. वाटलं, सगळ्यांनी मला ओळखलं. ओळखलं कोणीच नव्हतं." तो म्हणाला. "राग नंतर आला. म्हटलं, मी नको होतो, आवाज तेवढा ठेवून घेतला."

एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. मला तुझ्या आईनेच सांगितलं होतं, रे. एवढं एक वाक्य. पण ते सांगून त्याच्या पदरात काय पडणार? असलेली आई थोडी कमी झाली असती, एवढंच.

"म्हणजे ना," ती म्हणाली, "तेव्हा माझ्यामागे कामं फार होती. मलाच जमलं नाही."

पलीकडून एक लहानसं हसू आलं. "मावशी, तू श्वास घेतलास."

"कसला श्वास?"

"खोटं बोलायच्या आधी. नाकाने. तुला वाटतं तो माझा आहे? तो तुझा आहे. मी तुझ्याकडून उचलला. घरी आईला अजून आवडत नाही ते."

ती खाटेच्या कडेवर बसली. इतकी वर्षं ती त्या मुलाची आठवण म्हणून जे माइकला देत होती, ते मुळात तिचंच होतं. त्याने नेलं होतं आणि तिने ते त्याचं म्हणून जपलं होतं.

"आईने सांगितलंय मला," तो पुढे म्हणाला. "तिच्या ऑपरेशनच्या आधी. घाबरली होती फार. म्हणाली, मीच ताईला फोन करू नकोस म्हटलं होतं. म्हणाली, ती माझ्यापेक्षा तुला आवडायची, ते मला सोसत नव्हतं."

"तिचंही चुकलं नाही. तिचा जीव होता तुझ्यावर."

"माहीत आहे. तेव्हाच तुला फोन करावा असं वाटलं होतं. पण इतक्या वर्षांनी काय बोलायचं?"

"हो ना," ती म्हणाली. ते तिच्याइतकं कोणाला कळणार?

"आणि ते आवाजाचं," तो म्हणाला. "मला खरंच सांगता येणार नाही. नव्या घरी गेल्यावर मी बोलायचोच नाही. ठरवून नव्हे. बोलावंसंच वाटायचं नाही. शाळेत हजेरीला हात वर करायचो. घरी मानेने हो-नाही. गुणगुणणंही कधी बंद पडलं, कळलं नाही. मग एकदा घसा दुखत होता, आईने डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले आ कर. मी आ केला, तर एका बाप्याचा आवाज आला. मी मागे वळून बघितलं, खोलीत कोण आलं म्हणून."

तिला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. आवाज कापू नये म्हणून तिने तोंड फोनपासून दूर नेलं. आयुष्यभर हेच तर काम केलं होतं. माइकला काय द्यायचं आणि काय नाही.

"तुटला नाही मग. कोंबड्यासारखा वगैरे."

"तुटायला बोलावं लागतं ना." मग पुन्हा त्या परक्या सुरात, "ठेवतो आता. तुम्ही घसा जपा."

बुधवारी ती काचेमागे उभी राहिली. पडद्यावर नावाडी काठावर आला. जपानी चित्रकारांनी त्याचं तोंड एकदा उघडून मिटलेलं दाखवलं होतं आणि मग पुन्हा उघडलेलं. आधीच्या सगळ्या प्रयत्नांत तिने त्या पहिल्या उघडण्यातच हाक कोंबली होती. आज तिथे तिने काहीच म्हटलं नाही. नुसता आत घेतलेला श्वास, बंद खोलीचं दार बऱ्याच दिवसांनी उघडावं तसा. दुसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा तिने "पाण..." एवढंच म्हटलं. हळू, खरखरीत, बोलण्याची सवय गेलेल्या माणसाचं. आणि थांबली. पुढचं "कावळ्या" दुसऱ्या कोणाचं होतं.

हेडफोनमध्ये दिग्दर्शकाचा आवाज आला, "हे चालेल. छान. जलराणीचं घेऊ या लगेच?"

तिने घसा खाकरला, पाणी प्यायली आणि ती म्हातारी झाली.

चौथा भाग प्रसारित झाला तेव्हा तिने तो घरी एकटीनेच पाहिला. नवा नट गुणी होता. आधी भेटून नमस्कार करून गेला होता, काही सांगायचं असेल तर सांगा म्हणाला होता. तिने सांगितलं होतं, "तू तुझाच नावाडी कर." त्याने तसाच केला होता. तो आत्मविश्वासाने बोलायचा, "र" खणखणीत म्हणायचा, आणि खोटं बोलताना श्वास घ्यायचा नाही. इंटरनेटवर चाहत्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. मूळ पुस्तकात हाक वेगळी आहे की काय, यावर त्यांचं दोन दिवस रण माजलं. त्या गर्दीत एकाने विचारलं होतं, आधीचा आवाज कोणाचा होता? दुसऱ्याने उत्तर दिलं होतं, कोणत्या तरी लहान मुलाचा असणार, तो आता मोठा झाला असेल. तिने ते दोनदा वाचलं. चुकीचं होतं असं तिला म्हणवेना.

पाणकावळ्याचा नट एकदा जिन्यात भेटला. थांबला, धापा टाकत कठड्याला टेकला. "हेडफोनमध्ये आता दुसराच पोरगा येतो. चांगला आहे. पण मी सारखा चुकतो," तो म्हणाला. "एकदा निवांत बसू या कुठेतरी."

"बसू या," ती म्हणाली. दोघांनाही माहीत होतं, की त्याची वेळ दुपारची आणि तिची सकाळची.

भुंग्याचा फोन आला नाही. तिनेही केला नाही, पण नंबर मात्र रोज एकदा काढून बघायची. जलराणीला प्रत्येक भागात दोनतीनच ओळी असायच्या. एका तासात काम आटपायचं आणि उरलेला दिवस अंगावर यायचा. कधीकधी दुकानात "अर्धा डझन अंडी द्या" म्हणताना तिच्या लक्षात यायचं, की सकाळपासून आपण पहिल्यांदाच स्वतःच्या आवाजात बोलतोय.

मग एका दुपारी दारावरची घंटा वाजली आणि बाहेर तो उभा होता. हातात एक लहान पेटी, अंगावर प्रवासाने चुरगळलेला शर्ट. इथल्या एका दंतवैद्याकडे काम पोचवायचं होतं, बसला वेळ होता, म्हणून आलो, असं तो म्हणाला. तिने श्वास ऐकला, पण ओळखलं असं दाखवलं नाही.

तो आत आला, खोलीभर नजर फिरवली आणि खुर्चीत बसला. कॉफी झाली, बिस्किटं झाली, खिडकीबाहेरची इमारत केव्हा झाली हेही विचारून झालं. ती काहीतरी सांगत असताना तो तिच्या तोंडाकडे टक लावून बघू लागला.

"तुमची डावीकडची दाढ गेली का?"

"केव्हाच. त्यामुळे 'स' म्हणताना शीळ वाजते. ध्वनिमुद्रक कापून टाकतो ती."

"मग अशीच का ठेवलीत? इकडे या. उजेडात बसा. आ करा."

तिने खिडकीपाशी खुर्ची ओढली आणि आ केला. त्याने पेटीतून आरसा काढला, वाकून बघितलं, जीभ टाळ्याला लावून "च्च" केलं. खरं तर माप घेणं हे डॉक्टरांचं काम, असं तो पुटपुटला; पण पेटीत साहित्य होतं आणि बसला वेळ होता. स्वयंपाकघरात जाऊन त्याने हात धुतले, वाडग्यात गुलाबी भुकटी आणि पाणी घोटलं, ते लोखंडी साच्यात भरलं आणि साचा तिच्या तोंडात बसवला.

"आता हलायचं नाही. आणि बोलायचं तर मुळीच नाही. मी सांगेपर्यंत."

तिने डोळ्यांनी बरं म्हटलं. थंडगार लगदा हळूहळू टाळ्याला घट्ट होत गेला. त्याचं बोट साच्याच्या मुठीवर होतं आणि तो खिडकीबाहेर बघत उभा होता. खोलीत कोणीतरी बोलायला हवं होतं आणि तिला तर बोलता येत नव्हतं. मग त्यानेच सुरुवात केली. त्याच्या खोलीतला जोडीदार झोपेत आकडेमोड करतो. कार्यशाळेच्या मालकाला स्वतःलाच कवळी आहे आणि ती तो चारचौघांत काढून पुसतो. एका म्हाताऱ्याला जुन्या फोटोतल्यासारखेच वाकडे दात हवे होते, बायको ओळखायची नाही म्हणाला, तर ते करायला आठवडा गेला. आईने आता टेकडीवर फिरायला जायला सुरुवात केली आहे आणि वाटेत सगळ्यांची दुखणी विचारते. तो आवाज जाड होता, तळाशी खरखर होती, मधेच एखादा शब्द तो गिळायचा. तिने सवयीने तो मनात उचलून पाहिला. हा आपल्याच्याने कधी निघणार नाही, हे तिला लगेच कळलं.

लगदा केव्हाच घट्ट झाला असावा. त्याने साचा काढला नाही आणि तिनेही हाताने खूण केली नाही. तो एका डॉक्टरशी झालेल्या भांडणाची गोष्ट सांगत होता. गोष्ट बरीच लांबली होती आणि ती तोंड उघडं ठेवून ऐकत होती.